आधी खोली ऐका, मग माईक घ्या

कापणी-झोडणी उरकली की महाड आणि पोलादपूर तालुक्यांतली खाचरं मोकळी होतात आणि त्यांत स्टंप रोवले जातात. दिवाळीनंतर सुरू झालेल्या टेनिस बॉलच्या स्पर्धा थेट मेच्या सुट्टीपर्यंत चालतात. रात्री दिव्यांच्या झोतात कबड्डी रंगते. मैदानाच्या कडेला मंडप, त्यात टेबल, टेबलावर अहुजाचा अँप्लिफायर, बांबूला बांधलेला भोंगा आणि माईक हातात धरून बसलेला समालोचक, हे दृश्य इथल्या प्रत्येकाच्या ओळखीचं आहे. फलंदाज कुठल्या वाडीचा, गोलंदाज सुट्टी काढून मुंबईहून आलाय की सुरतेहून, मागच्या वर्षीच्या फायनलला शेवटच्या षटकात काय झालं, हे सगळं त्या समालोचकाला तोंडपाठ असतं.

हे सामने आता यूट्यूबवर थेट दिसतात. गावाबाहेर नोकरीला असलेला चाकरमानी लोकलमध्ये उभ्याउभ्या आपल्या वाडीचा सामना पाहतो. टेनिस बॉलचं हे क्रिकेट मोठ्या स्टेडियमवरही पोचलंय. मार्च २०२४ मध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमवर इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीगचा पहिला हंगाम झाला, तो याच चेंडूवर. भोंग्यातली कॉमेंट्री ऐकत मोठी झालेली मुलं आज मोबाईलवर बीजीएमआय हा गेम खेळता खेळता स्वतःच्या खेळाचं समालोचन करतात. काहींना पॉडकास्ट सुरू करायचा असतो. या सगळ्यांचा प्रश्न एकच: स्वस्तात चांगला यूएसबी माईक कोणता?

प्रश्न रास्त आहे. चार-पाच हजार रुपये ही इथल्या घरात लहान रक्कम नाही आणि ती चुकीच्या वस्तूवर गेली तर पुन्हा हाती यायला वर्ष लागतं. म्हणूनच या प्रश्नाचं उत्तर कंपनीच्या नावापासून सुरू करू नये. माईक जिथे ठेवायचा ती खोली कशी आहे, तोंड माईकपासून किती लांब राहणार आहे आणि आवाज फोनमध्ये घ्यायचा की कॉम्प्युटरमध्ये, एवढं ठरलं की नाव आपोआप ठरतं.

न दिसणारं सांगणारी माणसं

मुंबईचं नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झालं. पुढे आकाशवाणीवरून मराठीत क्रिकेटचं धावतं वर्णन होऊ लागलं आणि बाळ ज. पंडित, वि. वि. करमरकर यांच्यासारख्या समालोचकांनी मैदान न पाहिलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढे सामना उभा केला. चेंडू कुठे पडला, क्षेत्ररक्षक कुठून धावला, आभाळ कसं आहे, हे सगळं शब्दांतून पोचवावं लागे. ऐकणाऱ्याकडे दुसरं काही नव्हतंच.

गेमच्या समालोचनात उलटी गंमत आहे. पडद्यावर काय चाललंय ते पाहणाऱ्याला दिसतंच. तेव्हा ‘आता मी इकडे गेलो, आता बंदूक उचलली’ असं सांगण्यात अर्थ नसतो. खेळणाऱ्याच्या मनात काय आहे, तो या घरात का शिरला, गोळीबार कुठून होईल असं त्याला वाटतं, हे ऐकायला माणूस थांबतो. पॉडकास्टमध्ये पुन्हा रेडिओसारखं आहे: फक्त आवाज. शिवाय तो बहुधा इअरफोनमधून ऐकला जातो, म्हणजे बोलणाऱ्याचं तोंड जणू ऐकणाऱ्याच्या कानाशी असतं. चित्र थोडं धूसर असलं तर माणूस चालवून घेतो. घुमणारा, खरखरणारा आवाज मात्र तो दोन मिनिटांपलीकडे सहन करत नाही.

एका खेळावर चॅनेल उभं करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पबजी मोबाईलवर २ सप्टेंबर २०२० रोजी बंदी आली. जुलै २०२१ मध्ये त्याच्या जागी बीजीएमआय आलं, जुलै २०२२ मध्ये ते ॲप स्टोअरवरून गेलं आणि मे २०२३ मध्ये परतलं. या उलथापालथीत खेळ गेले-आले, पण बोलणाऱ्याची ओळख त्याच्या आवाजाने टिकते. मोबाईलच्या नव्या मॉडेलवर खर्च करण्याआधी आवाजावर खर्च करावा, तो यासाठी.

माईकच्या पोटात काय असतं

माईकचे दोन प्रकार नवशिक्याला भेटतात. डायनॅमिक माईकमध्ये पातळ पडद्याला तारेचं वेटोळं चिकटवलेलं असतं आणि ते चुंबकाच्या फटीत हलतं. आवाजाने पडदा हलला की वेटोळ्यात वीज तयार होते. मंडपात हातातून हातात फिरणारा, कधी पडणारा, तरी चालणारा माईक तो हाच. कंडेन्सर माईकमध्ये दोन पत्र्यांमधलं अंतर आवाजाने कमी-जास्त होतं आणि त्यातून विद्युतसंदेश मिळतो. असा माईक ई. सी. वेन्ट यांनी १९१६ मध्ये बनवला. १९६२ मध्ये बेल लॅबमध्ये गेरहार्ड सेस्लर आणि जेम्स वेस्ट यांनी पातळ फॉइलचा इलेक्ट्रेट माईक घडवला. त्यातला विद्युतभार कायमचा साठवलेला असतो, त्यामुळे तो फार लहान आणि फार स्वस्त करता येतो. इअरफोनच्या वायरवरचा आणि शर्टाला लावायचा माईक बहुधा याच जातीचा.

यूएसबी माईक म्हणजे यांपैकी एक कॅप्सूल, तिचा क्षीण संदेश वाढवणारा छोटा अँप्लिफायर आणि त्याचे आकडे करणारी चिप, हे तिन्ही एकाच डब्यात. १९९६ मध्ये यूएसबी आलं आणि पुढच्या दशकात असे माईक बाजारात उतरले. त्यामुळे वेगळा मिक्सर किंवा साउंड कार्ड न घेता एका वायरने काम भागू लागलं. लाईट गेली तरी लॅपटॉपच्या किंवा फोनच्या बॅटरीवर माईक चालत राहतो. पावसाळ्यात पोलादपूरसारख्या ठिकाणी हा फायदा फार मोलाचा आहे.

पत्रा, पंखा आणि हायवे

महाडमध्ये वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. घराच्या पुढच्या पडवीवर पत्रा असेल तर जून ते सप्टेंबर तो वाजतच असतो. मुंबई-गोवा महामार्ग दोन्ही गावांना लागून जातो. पोलादपूरहून एक रस्ता आंबेनळी घाटाने महाबळेश्वरकडे चढतो, दुसरा कशेडीकडे, आणि चढाला लागलेल्या ट्रकच्या इंजिनाची घरघर रात्री लांबवर ऐकू येते. उकाड्यात पंखा बंद करणं जिवावर येतं. पावसाळी रात्री रातकिडे आणि बेडूक वेगळे. मुंबईतल्या स्टुडिओत बसून केलेल्या शिफारशी इथे जशाच्या तशा लागू होत नाहीत, त्याचं कारण हे.

यावर दुकानदार आणि व्हिडिओवाले एक ठरलेलं उत्तर देतात: ‘डायनॅमिक घ्या, तो बाहेरचा आवाज ओढत नाही.’ हे अर्धंच खरं आहे. दोन्ही माईकची दिशा पकडण्याची पद्धत सारखी असेल आणि तोंडापासूनचं अंतर सारखं असेल, तर तुमचा आवाज आणि पावसाचा आवाज यांचं प्रमाण दोघांतही जवळजवळ तेच येतं. डायनॅमिक कमी संवेदनशील असतो, म्हणून तो शांत भासतो. आवाज वाढवला की पाऊसही वाढतो. खरा फरक अंतराने पडतो. डायनॅमिक माईक मुळात जवळून बोलण्यासाठी बनवलेला असतो, माणूस त्याच्याजवळ जातो, आणि त्या जवळ जाण्याने काम होतं.

हिशोब साधा आहे. तोंड आणि माईक यांमधलं अंतर निम्मं केलं की तुमचा आवाज ६ डेसिबलने वाढतो. टेबलावर ६० सेंटिमीटर लांब ठेवलेला माईक तोंडापासून १० सेंटिमीटरवर आणला तर सुमारे १५ डेसिबलची कमाई होते. पत्र्यावरचा पाऊस सगळीकडून येतो, त्याची पातळी तेवढीच राहते. म्हणजे तेवढ्याच पैशात तुमचा आवाज पावसाच्या १५ डेसिबल वर आला. महागडा माईक लांब ठेवून ही कमाई करता येत नाही.

दिशेचाही उपयोग आहे, पण तो मर्यादित. स्वस्त यूएसबी माईक बहुतेक कार्डिऑइड असतात: समोरचं ऐकतात, बाजूचं कमी, पाठीमागचं सर्वांत कमी. चारही बाजूंनी येणाऱ्या गोंगाटाची ऊर्जा असा माईक सर्व दिशांनी ऐकणाऱ्या माईकच्या एक-तृतीयांश पकडतो, म्हणजे जवळपास ५ डेसिबलचा फायदा. रस्त्याकडची खिडकी किंवा टेबल-फॅन माईकच्या पाठीशी येईल असं बसावं. कॉम्प्युटरवर खेळत असाल तर कीबोर्ड माईकच्या पाठीमागे यायला हवा. स्टँड थेट टेबलावर असेल तर प्रत्येक कळीचा ठोका लाकडातून माईकमध्ये जातो. टेबलाला चिमटा लावून बसवायचा लांब हात मिळतो, तो घ्यावा. तो नसेल तर स्टँडखाली जाड टॉवेल घालावा.

खोलीच्या घुमण्यावर कोकणातल्या घरात उत्तम इलाज आधीपासून आहे: गोधडी. सिमेंटच्या उघड्या भिंती आणि फरशी आवाज परत फेकतात. बोलणाऱ्याच्या मागच्या भिंतीवर, आणि जमल्यास बाजूलाही, दोरीवर जाड गोधड्या टांगल्या की घुमणं लक्षात येण्याइतकं कमी होतं. भिंतीपासून थोडं अंतर राखून टांगल्या तर अधिक चांगलं. कपड्यांनी भरलेलं उघडं कपाटही हेच काम करतं. ऑनलाइन मिळणारे पातळ फोमचे चौकोन घेण्याची गरज नाही.

भ, फ, ख आणि पॉप फिल्टर

मराठी बोलणाऱ्याला पॉप फिल्टर लागतोच. आपल्या भाषेत फ, भ, थ, ध, ख, घ यांसारखे महाप्राण भरपूर आहेत. ‘भात’, ‘फायनल’, ‘थांबा’, ‘धाव’ म्हणताना तोंडातून हवेचा झोत निघतो, तो जवळच्या माईकच्या पडद्यावर आदळला की ‘धप्’ असा जाड आवाज रेकॉर्ड होतो. माईकवर फोमची टोपी घालावी किंवा पुढे जाळीचा फिल्टर लावावा आणि माईक तोंडाच्या अगदी समोर न धरता थोडा बाजूला, गालाच्या कोनात ठेवावा. झोत सरळ निघून जातो, आवाज मात्र माईकला मिळतो. स, श, च यांची धारही या कोनाने बोथट होते. स्वस्त कंडेन्सर माईकमध्ये ही धार जास्त टोचते, कारण त्यांत वरच्या पट्टीचे सूर मुद्दाम उठावदार ठेवलेले असतात.

फार जवळ गेलं की आवाजात खर्ज वाढतो. कार्डिऑइड माईकचा हा स्वभाव आहे. सुरुवातीला तो भारदस्त वाटतो, पण अति झालं तर शब्द गढूळ होतात. पसरलेल्या हाताच्या अंगठ्यापासून करंगळीपर्यंतची एक वीत हे सुरुवातीचं माप धरावं, गोंगाट असेल तर अर्धी वीत.

पैशांच्या पायऱ्या

पहिली पायरी शून्य रुपयांची. फोनचा रेकॉर्डर उघडा, फोन तोंडापासून अर्ध्या वितीवर धरा, मागे गोधडी टांगा आणि दहा मिनिटं बोला. हे न करता माईक घेणाऱ्याला आपली खरी अडचण पाऊस आहे, घुमणं आहे की बोलण्याची सवय नसणं, हे कळतच नाही.

दुसरी पायरी हजाराच्या आसपासची: कॉलरला लावायचा माईक. बोयाचा बीवाय-एम१ या वर्गात वर्षानुवर्षं विकला जातो. त्याची वायर ६ मीटर लांब आहे. तो यूएसबीचा नाही, गोल ३.५ मिलिमीटरच्या पिनचा आहे. ते भोक नसलेल्या फोनला मध्ये छोटा ॲडॉप्टर लागतो. तो सर्व दिशांनी ऐकतो, त्यामुळे पंख्याखाली गेमिंगसाठी फारसा बरा नाही. आजी-आजोबांची मुलाखत घ्यायला मात्र उत्तम, कारण तो छातीवर राहतो आणि बोलणारी व्यक्ती त्याला विसरते.

तिसरी पायरी साधारण दोन ते चार हजारांची. इथे फिफाइन के६६९सारखे छोटे यूएसबी कंडेन्सर आहेत. शांत खोलीत, जवळून बोललं तर त्यांचा आवाज स्वच्छ येतो. यांतल्या बऱ्याच माईकमध्ये टोकाकडे न बोलता अंगाकडे, म्हणजे बाजूच्या जाळीकडे बोलायचं असतं. टोकाकडे बोलणारे पुष्कळ असतात आणि मग माईकला दोष देतात. याच भावात ‘बीएम-८००’ नावाने स्टँड-फिल्टरसह मिळणारे संच दिसतात. त्यांतला माईक बहुधा यूएसबीचा नसतो. त्याला वेगळी वीज पुरवावी लागते, नाहीतर आवाज अगदी बारीक येतो. तो टाळावा.

चौथी पायरी चार हजारांपासून नऊ-दहा हजारांपर्यंतची. महाड-पोलादपूरच्या मुलांना माझी शिफारस इथली आहे: यूएसबी आणि एक्सएलआर (मिक्सर-अँप्लिफायरसाठीचं तीन पिनांचं तोंड) अशी दोन्ही तोंडं असलेला डायनॅमिक माईक. फिफाइनचा एएम८ आणि माओनोचा पीडी२००एक्स या वर्गात स्वस्त बाजूला आहेत. सॅमसनचा क्यू२यू आणि ऑडिओ-टेक्निकाचा एटीआर२१००एक्स थोडे वर. भाव सणाच्या सेलमध्ये खाली-वर होतात, म्हणून घाई करू नये.

ही शिफारस करण्यामागे याच भागाचं कारण आहे. घरात हा माईक यूएसबीने लॅपटॉपला लागतो. दिवाळीनंतर तोच माईक मैदानावर नेता येतो. एक्सएलआरपासून जाड पिनेची वायर घेतली की मंडपातल्या अँप्लिफायरला तो जोडता येतो. डायनॅमिकला बाहेरून वीज लागत नाही, त्यामुळे मंडपवाल्याच्या जुन्या मशीनवरही तो चालतो. म्हणजे रात्री गेमचं समालोचन करणारा मुलगा रविवारी त्याच माईकवरून गावच्या फायनलची कॉमेंट्री करू शकतो. उलट, फक्त यूएसबीचा माईक भोंग्याला जोडता येत नाही, हे घेण्याआधीच समजून घ्यावं.

खोक्यावरच्या काही आकड्यांना भुलू नये. ‘१९२ किलोहर्ट्झ’ हा त्यांतला पहिला. माणसाला फार तर २० हजार हर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं आणि त्याला ४८ किलोहर्ट्झ भरपूर होतात. रंगीत दिवे व्हिडिओत शोभतात, आवाजाला काही देत नाहीत. त्यांऐवजी तीन गोष्टी बघाव्यात: माईकवरच हेडफोनचं भोक आहे का, आवाज कमी-जास्त करण्याची फिरकी आहे का आणि आवाज बंद करण्याचं बटण आहे का.

फोनवर खेळणाऱ्यांसाठी

इथली बहुतेक मुलं मोबाईलवर खेळतात, आणि खरेदीतली सर्वांत मोठी फसगत याच ठिकाणी होते. यूएसबी माईक फोनला जोडला की फोन अनेकदा त्यालाच आवाज बाहेर काढायचं साधनही मानतो आणि गेमचा आवाज माईकच्या हेडफोन-भोकाकडे वळतो. म्हणून ते भोक असलेला माईक घ्यावा आणि इअरफोन फोनऐवजी माईकमध्येच लावावा. स्पीकर चालू ठेवून समालोचन करू नये. गेमचा आवाज माईकमध्ये शिरतो आणि घुमत राहतो. २०१९ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १० पासून गेमचा आतला आवाज थेट रेकॉर्ड करण्याची सोय आहे. त्यामुळे गेम आणि बोलणं वेगळं ठेवता येतं. माईक फोनची बॅटरी खातो आणि चार्जिंगचं एकमेव तोंडही अडवतो, तेव्हा लांब स्ट्रीम करायचं असेल तर चार्जिंग चालू ठेवणारा हब लागेल. घेताना दुकानातच आपल्या फोनला लावून पाहावं. मुंबईहून कोणी लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून आणणार असेल तर परत करण्याची सोय आधी विचारावी.

कॉम्प्युटर असेल तर दोन फुकट प्रोग्रॅम पुरे आहेत: रेकॉर्डिंगला ऑडॅसिटी आणि थेट प्रक्षेपणाला ओबीएस स्टुडिओ. मोठ्याने बोलल्यावर मीटर उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहील इतकाच आवाज ठेवावा. लाल रेषेला लागलेला आवाज पुन्हा नीट करता येत नाही. ८० हर्ट्झखालचं कापणारा फिल्टर लावला की ट्रकची घरघर आणि विजेची ५० हर्ट्झची ‘घूं’ बरीच उतरते. ‘घूं’ तरीही राहिली तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघावा. ओबीएसमधला गोंगाट कमी करणारा फिल्टर पंख्यावर चांगला चालतो, पण पत्र्यावरच्या जोराच्या पावसात तो शब्दही खातो. अशा रात्री रेकॉर्डिंग न करणं बरं.

आणि दमट हवेचं भान हवं. कंडेन्सरची कॅप्सूल ओल धरली की तडतडते. डायनॅमिक जास्त सोसतो, पण त्याच्याही पिना गंजतात. काम झालं की माईक पुसून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा, आणि तो डबा पुराचं पाणी पोचणार नाही अशा उंचीवर. महाडकरांना हे वेगळं सांगायला नको.

बोलायचं कशावर

मराठी पॉडकास्ट आज जोरात आहेत, पण त्यांतले बहुतेक मुंबई-पुण्यात घडतात. महाड-पोलादपूर बातमीत येतं ते संकटाच्या दिवशी: जुलै २००५ ला जुई आणि दासगावात दरडी कोसळल्या तेव्हा, २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्री नदीवरचा जुना पूल वाहून गेला तेव्हा, २२ जुलै २०२१ ला महाड बुडालं आणि तळियेत दरडीखाली ऐंशीहून अधिक माणसं गेली तेव्हा. चार दिवस कॅमेरे येतात, मग निघून जातात. उमरठला तानाजी मालुसऱ्यांची समाधी आहे, पोलादपुरात कवींद्र परमानंदांची. जाखडीची गाणी पाठ असलेली माणसं वाड्यावाड्यांत आहेत. गुजरातेत किंवा मुंबईत चाळीस वर्षं काढून परतलेल्या चाकरमान्यांकडे एका आयुष्याचा ऐवज आहे. हे सगळं रेकॉर्ड करायला स्टुडिओ लागत नाही. एक माईक, शांत दुपार आणि समोरच्या माणसाची संमती एवढंच लागतं. पुरात किंवा दरडीत आपली माणसं गमावलेल्यांशी बोलताना संमती दोनदा विचारावी, रेकॉर्डिंगच्या आधी आणि ते सगळ्यांना ऐकवण्याच्या आधी.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली महाडातच चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. २० मार्च २०२७ रोजी त्याला शंभर वर्षं पूर्ण होतात. त्या दिवशी तळ्यावर चालत गेलेल्यांच्या नातवंडांनी आणि पतवंडांनी घरात ऐकलेल्या आठवणी अजून सांगता येतात. दहा वर्षांनी त्यांतल्या कितीतरी सांगायला कोणी नसेल.

म्हणून एक सूचना मनापासून करावीशी वाटते. प्रत्येकाने स्वतःचा माईक घ्यायलाच हवा असं नाही. गावचं वाचनालय, क्रिकेटचं मंडळ किंवा कॉलेजचा एखादा वर्ग मिळून पाच-सहा हजारांचा एक दोन-तोंडी डायनॅमिक माईक घेऊ शकतो. वर्गणीची सवय मंडळांना आहेच. रात्री मुलं त्यावर गेम खेळोत, रविवारी मैदानात नेवोत, आणि महिन्यातून एक दुपार त्यांनी तो घेऊन एखाद्या वयस्क माणसासमोर बसावं. समालोचनाने तयार झालेली जीभ आणि नेमकं ऐकायला शिकलेला कान, दोन्ही त्या दुपारी कामी येतील. आपल्या भागावर संकट आलं की बाहेरची माणसं येऊन बोलतात. वर्षातले बाकीचे दिवस कसे असतात, ते इथल्या मुलांनीच सांगितलं पाहिजे.